सेल नवरात्रात, सोयाबीनचा पैसा दिवाळीला... मग मॉनिटर घ्यायचा कधी?

मोबाईल आणि लॅपटॉपवर या पानात लई लिहून झालं. या वेळी बऱ्याच जणांनी मॉनिटरचं विचारलंय, कितीचा घ्यावा आणि कधी घ्यावा, म्हणून सगळं पान त्यालाच देऊन टाकलंय. भाव अंदाजानं दिलेत, पाचशे-हजार इकडंतिकडं होतेत, तेवढं धरून चाला.

प्रश्न: सर, मी औसा तालुक्यातला, लातूरला रूम करून राहतो, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १५ इंची लॅपटॉपवर दिवसभर खाली मान घालून कोडिंग करायलोय, मान आखडून जाते. वेगळा मॉनिटर घ्यायचाय, बजेट १२ हजार. ऑनलाइन सेल नवरात्रात लागतो आणि पप्पा म्हणायलेत सोयाबीन निघू दे, बाजारात जाऊ दे, मग बघू. तोवर सेल संपून जातो. नो कॉस्ट ईएमआयवर घेऊन टाकू का? आणि मित्र म्हणायलेत घ्यायचा तर २७ इंचीच घे. (विद्यार्थी, लातूर)

उत्तर: पप्पांचं बरोबर आहे, आणि हे वडीलधाऱ्यांची बाजू घ्यायची म्हणून म्हणत नाही, हिशोब करून म्हणतोय. हे सेल आपल्या रानाकडं बघून लागत नसतेत. २०२५ ला ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांचेही मोठे सेल २३ सप्टेंबरला सुरू झाले, म्हणजे घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, आणि लक्ष्मीपूजन तिथून चार आठवडे पुढं होतं. त्या दिवसांत आपल्याकडं काय चालू होतं ते आठव, अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात उभं होतं आणि मोबाईलवर डिस्काउंटचे बॅनर नाचत होते. बरं साल चांगलं असलं तरी सप्टेंबरअखेर सोयाबीन नुकतं काढणीला येतंय, माल ओला असतोय, हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि आडतीवर ओला माल नेला की भाव पाडूनच मागतेत. आता समज, लेकराचा सेल हुकू नये म्हणून घरच्यांनी घाईनं दहा क्विंटल ओलाच घातला आणि पट्टीत क्विंटलमागं नुसते तीनशे कमी आले, तर झाले ना तीन हजार कमी. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता, त्याच्यापुढं तीनशे म्हणजे काहीच नाही, ओल्या मालाला तूट याच्याहून जास्त बसते. आणि सेलमध्ये तुझे वाचणार किती? ९ हजाराच्या मॉनिटरवर हजार, फार तर दीड हजार, तेही त्यांनी सांगितलेल्या बँकेचं कार्ड खिशात असलं तर.

दुसरं म्हणजे मॉनिटरचं मोबाईलसारखं नसतंय. दोन-तीन वर्षं तेच मॉडेल बाजारात चालतं, भाव थोडा खालीवर होतो, पण नवरात्रात जो असतो तोच किंवा शे-दोनशेच्या फरकानं २६ जानेवारीच्या सेलला परत बघायला मिळतो. जानेवारीत तूर पण निघायली असते, सोयाबीनचा पैसा खात्यावर आलेला असतो, म्हणजे आपल्याकडच्या घरांना खरं तर जानेवारीचा सेलच सोयीचा. भाव खरंच कडाडले होते ते २०२०-२१ ला, सगळे घरून काम आणि ऑनलाइन शाळा करायले तेव्हा, चिपची टंचाई पण होती, नंतर २०२२ ला उतरले. असं काही जगावेगळं घडत नसलं तर सेल हुकला म्हणून जीव खाली-वर करायची गरज नाही.

सेलच्या आधी दीड-दोन महिने एक काम कर. दोन-तीन मॉडेल पक्के कर आणि दर रविवारी त्यांचा भाव वहीत लिहून ठेव. '१८,००० वर काट मारून ८,४९९' असं दिसलं की डोकं फिरतं माणसाचं, पण तो मॉनिटर १८ हजाराला कधीच कुणी विकला नसतो. तुझ्या वहीत तो ऑगस्टभर ८,७९९ ला असला तर सेलची सूट तीनशे रुपये, पन्नास टक्के नव्हे.

नो कॉस्ट ईएमआयचं ऐक. रिझर्व्ह बँकेनं शून्य टक्के व्याजाच्या स्कीम २०१३ लाच बंद केल्यात, तेव्हापासून असं करतेत की बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत आधीच दिली जाते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुझ्याच माथी, आणि प्रोसेसिंग फी वेगळी, तिच्यावर परत जीएसटी. १२ हजाराचा माल, सहा महिने, १५ टक्के व्याज धरलं तर व्याज होतं पाचशेच्या थोडं वर, त्याचा जीएसटी नव्वदएक रुपये, १९९ फी असली तर जीएसटीसकट २३५, म्हणजे सव्वातीनशे रुपये गेले. लई नाहीत, पण नो कॉस्ट पण नाही. आणि कार्ड कुणाचं आहे? मित्राच्या भावाचं असलं तर एखादा हप्ता लांबला की पैशापेक्षा संबंध महागात पडतेत. गरज अगदी आताच असली आणि हप्ता तुझ्या मेसच्या पैशातून जाणार नसला तरच घे.

आता साईज. मित्राला विचार, २७ इंची पण रिझोल्यूशन किती? १२ हजाराच्या आत जे २७ इंची मिळतेत ते बहुतेक फुल एचडी असतेत, १९२० बाय १०८०. तेवढेच ठिपके २४ इंचात पण असतेत, म्हणजे २४ ला इंचाला ९२ ठिपके पडतात आणि २७ ला ८२, अक्षराच्या कडा फुटल्यासारख्या दिसतेत, आणि तुझं कामच अक्षरांचं. पिक्चर बघायला चालतो, कोड वाचायला नाही. २७ घ्यायचा तर २५६० बाय १४४० चा, तो पंधरा हजाराच्या आसपास सुरू होतो. तुला २४ इंची, आयपीएस पॅनल (बाजूनं बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही ते), १०० हर्ट्झ (सेकंदाला शंभर वेळा चित्र ताजं करणारा) एवढं बस झालं, आठ-नऊ हजारात येतो. 'गेमिंग' म्हणून मागं लाल पट्टी मारलेली असते आणि '१ एमएस' (ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ) मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचे पैसे देऊ नको. स्वस्त मॉनिटरवर 'एचडीआर १०' (जास्त उजेड-अंधार दाखवणारं चित्र) लिहिलंय म्हणजे तो तसला सिग्नल घेतो एवढंच, दाखवायला लागणारा उजेड त्याच्यात नसतोच.

आणि १२ च्या १२ हजार मॉनिटरवर घालू नको. उरलेल्यात छोटा यूपीएस, नाहीतर निदान चांगला स्पाइक गार्ड, आणि केबल बॉक्समध्ये नसली तर केबल. मॉनिटरच्या मागच्या लेबलवर किंवा ॲडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे व्होल्टेज कमी असलं तरी तो चालतो, घात होतो तो लाईट गेल्यावर नाही, परत येताना झटका बसतो तेव्हा. स्टँड वर-खाली होणारा या बजेटमध्ये सहसा नाही मिळायचा, खाली दोन जाड पुस्तकं ठेव, मान तेवढ्यानंच सुटते.

प्रश्न: माझं सेलूला डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, थोडं फोटोचं काम. मॉनिटर २५ हजारापर्यंत घ्यायचाय. जीएसटी कमी झाल्यामुळं मॉनिटर स्वस्त झालेत म्हणतेत, अजून उतरतील का? ४के घ्यावा का? (डीटीपी व्यावसायिक, सेलू)

उत्तर: जीएसटीचं अर्धंच कानावर आलंय तुमच्या. ३२ इंचापर्यंतचे मॉनिटर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला जे २८ वरून १८ वर आलं ते ३२ इंचाच्या वरचं, मोठे टीव्ही, ३४ इंची लांबोळके मॉनिटर वगैरे. तुम्ही घेणार २७ इंची, त्याला कालही १८ होता आणि आजही १८ आहे, म्हणून 'जीएसटी कट ऑफर' असा बोर्ड २७ इंचीवर लावलेला दिसला तर दुकानदाराकडं बघून नुसतं हसा. (मोठ्यांवर पण दहा टक्के नाही उतरत बरं का, १२८ चे ११८ झाले म्हणजे पावणेआठ टक्के उतरले.)

तुमचा फायदा दुसरीकडं आहे. दुकान जीएसटीत रेग्युलर नोंदलेलं असलं तर बिलावर तुमचा नंबर टाकून घ्या, २३,६०० च्या बिलात ३,६०० कर असतो तो क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वळता होतो, मॉनिटर पडला २० हजाराला. एवढी सूट कुठलाच सेल देत नाही. कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानांची ठोक कराची स्कीम) असाल तर मात्र हे मिळत नाही. ऑनलाइन घेताना पण विक्रेता जीएसटीचं बिल देतो का ते आधी बघायचं, नंतर कस्टमर केअरशी भांडून बिल बदलत नसतं.

४के बद्दल. २७ इंचात ४के (३८४० बाय २१६०) म्हणजे इंचाला १६३ ठिपके, फोटो बघायला झकास, पण तुमच्याकडं कोरलड्रॉ जुनं असणार आणि मराठी फॉन्टची श्रीलिपी पण जुनीच, बहुतेक दुकानांत तसंच असतं. जुन्या सॉफ्टवेअरला एवढी बारीक स्क्रीन झेपत नाही, एक तर बटणं मुंगीएवढी होतेत नाहीतर विंडोजनं मोठं केलं की सगळं धुरकट दिसतं. २७ इंची १४४० वाला घ्या, त्याच्यात इंचाला १०९ ठिपके, विंडोजमधलं अक्षर मोठं करायचं सेटिंग शंभर टक्क्यांवरच ठेवून काम करता येतं, आणि डाव्या बाजूला पत्रिकेचं पान, उजव्या बाजूला पार्टीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेली पाहुण्यांच्या नावांची यादी असं दोन्ही उघडं राहतं. तुम्हाला हे काय सांगायचं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खालची नावं चुकली की पत्रिका परत छापायची पाळी कुणावर येते.

रंगाचं स्पेसिफिकेशन वाचताना '१.६७ कोटी रंग' याला भुलू नका, ते सगळ्यांवरच लिहिलेलं असतं. एसआरजीबी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) ९९ किंवा १०० टक्के बघा. काही कंपन्या ७२ टक्के एनटीएससी (रंगांचंच दुसरं माप) लिहितेत, ते जवळपास तेच आहे. ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असलं तर सोडून द्या, त्याच्यावर हळद आणि भगवा एकच दिसायचा. आणि आणल्या दिवशी ब्राइटनेस खाली आणा. आपल्याकडं सगळे शंभरावर ठेवून काम करतेत आणि मग फ्लेक्स छापून आला की म्हणतेत मशीनवाल्यानं काळपट काढला. फ्लेक्सला मागून लाईट नसतो, तुमच्या स्क्रीनला असतो, एवढीच गोष्ट आहे.

कधी घ्यावा? तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकेची गर्दी सुरू होते, त्याच्या महिनाभर आधी घेऊन हात बसवून ठेवा. तुमच्या धंद्यात सीझनच्या मधे मॉनिटर बंद पडला तर एका दिवसात जाणारी कामं सेलच्या बचतीपेक्षा मोठी असतेत, म्हणून भाव उतरायची वाट बघत जुना ओढत बसू नका.

प्रश्न: देगलूरहून आम्हाला हैदराबाद जवळ. तिथं सिकंदराबादला सीटीसीमध्ये कॉम्प्युटरचा माल लई स्वस्त मिळतो म्हणतेत. मॉनिटर तिथून आणावा का? (वाचक, देगलूर)

उत्तर: चेनॉय ट्रेड सेंटर, पार्कलेनचं. मार्केट मोठंय, एकाच बिल्डिंगीत दहा दुकानं फिरून भाव करता येतो, आणि पूर्ण कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असला, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम असं, तर जरूर जा. नुसत्या मॉनिटरसाठी नको. कर तेलंगणात पण १८ च आहे, सीमा ओलांडली म्हणून कमी होत नसतो. जे पाचशे-सातशे वाचतील ते तिकीट, जेवण आणि परतीच्या ऑटोत जातेत, आणि गेलोच आहे तर म्हणून बिर्याणी होतेच, ती वेगळी.

मोठी अडचण आणायची आहे. मॉनिटरचा बॉक्स बसच्या डिक्कीत आडवा पडला, वर कुणी पोतं टाकलं, पॅनल तडकलं, तर ते वॉरंटीत बसत नाही. आणि नवं पॅनल टाकायचा खर्च जवळपास नव्या मॉनिटरएवढा सांगतेत. आणायचाच असला तर बॉक्स उभा ठेवायचा, आपल्या पायाजवळ. त्यापेक्षा नांदेडला दोन दुकानांत ऑनलाइनचा भाव मोबाईलवर दाखवून विचारा, महिनाअखेरीला टार्गेट राहिलेलं असलं तर तीन-चारशेच्या फरकानं देऊन टाकतेत, आणि बिघडला तर न्यायला नांदेडच बरं. वॉरंटी मॉनिटरला बहुतेक तीन वर्षांची असते पण 'ऑनसाइट' लिहिलेलं असलं तरी तुमच्या पिनकोडला माणूस येतो का, हे कंपनीच्या नंबरवर फोन लावून घ्यायच्या आधी विचारा. तालुक्याच्या गावाला पुष्कळदा 'सेंटरला घेऊन या' असंच उत्तर मिळतं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्यायचा, कच्च्या चिठ्ठीवर माल आणायचा नाही.

प्रश्न: घरात ३२ इंची टीव्ही नुसता पडून आहे. मुलीच्या कॉम्प्युटरला तोच लावला तर मॉनिटरचे पैसे वाचतील ना? (गृहिणी, अंबड)

उत्तर: ताई, लावून बघायला पैसे लागत नाहीत, एचडीएमआय केबल जोडा आणि मुलीला एक पान वाचायला सांगा. बहुतेक ३२ इंची टीव्ही 'एचडी रेडी' असतेत, म्हणजे १३६६ बाय ७६८, इंचाला ४९ ठिपके. सोफ्यावरून मालिका बघायला ठीक, हातभर अंतरावरून पुस्तक वाचायला नाही. व्हिडिओ लेक्चर ऐकायचं काम असलं तर चालवा, टायपिंग आणि वाचन असलं तर सात-आठ हजाराचा २२ किंवा २४ इंची घेऊन द्या. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काहीतरी असतं, ते लावा.

प्रश्न: जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. लोकसहभागातून थोडे पैसे जमलेत, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरचे मॉनिटर गेलेत, सीपीयू चालू आहेत. एका मॉनिटरमागं तीन हजाराच्या वर जाता येत नाही. जुने घ्यावेत का? (शिक्षक, कळमनुरी)

उत्तर: घ्या, पण सर, तुम्ही स्वतः जाऊन घ्या, कुणाला सांगून मागवू नका. मोठ्या शहरांतल्या ऑफिसांनी काढलेले १९ ते २२ इंची मॉनिटर संभाजीनगर, पुण्याकडं रिफर्बिश्ड (दुरुस्त करून परत विकायला काढलेले) म्हणून तुमच्या बजेटात मिळतेत आणि शाळेच्या कामाला ते पुरेसे आहेत, चौकोनी १९ इंची मिळाला तरी चालेल.

आधी शाळेतल्या सीपीयूची मागची बाजू बघा. निळं, तीन ओळीत पंधरा भोकांचं पोर्ट म्हणजे व्हीजीए, जुन्या मशीनला तेवढंच असतं, मग मॉनिटरला पण व्हीजीए पाहिजे. बरेच नवे मॉनिटर हल्ली व्हीजीए नसलेले, नुसत्या एचडीएमआयवर यायलेत. दुकानदार म्हणेल कन्व्हर्टर लावू, तर नीट ऐका, तुम्हाला 'व्हीजीए टू एचडीएमआय' लागतो, दोनशे-अडीचशेला जो सगळीकडं मिळतो तो बहुतेक 'एचडीएमआय टू व्हीजीए' असतो, तो उलट्या बाजूनं चालत नाही.

मागच्या लेबलवर बनल्याची तारीख असते, ती वाचा. २०१० च्या आधीचा असला तर शक्यतो आत ट्यूबचा लाईट असतो, एलईडी नाही, तसले पिवळे पडतेत आणि अंधुक होत जातेत. चालू करून लगेच ठरवू नका, अर्धा तास चालू राहू द्या, खराब झालेला सप्लाय गरम झाल्यावरच लपलपायला लागतो. मोबाईलमध्ये नुसती पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी चित्रं घेऊन जा आणि एकेक पूर्ण स्क्रीनवर लावून बघा, मेलेला ठिपका पांढऱ्यावर काळा दिसतो, अडकलेला काळ्यावर रंगीत दिसतो. एखादा कोपऱ्यात असला तर चालवून घ्या, आडवी-उभी रेघ असली तर फुकट दिला तरी नको. निदान सहा महिन्यांची गॅरंटी बिलावर लेखी घ्या, लोकांचा पैसा आहे, हिशोब ग्रामसभेत द्यावा लागतो.

कधी घ्यायचे तर एप्रिलमध्ये आणू नका. सुट्टीत दोन महिने बंद पडून राहतेत आणि जूनमध्ये लावायला गेलं की गॅरंटीचे दोन महिने संपलेले असतेत. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी आणा. कॉम्प्युटरची खोली पत्र्याची असली तर उन्हाळ्यात दुपारी बंद ठेवा, मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान बहुतेक ० ते ४० डिग्री दिलेलं असतं आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली त्याच्यावर सहज जातं. विजेची काळजी करू नका, एलईडी मॉनिटर वीस वॉटच्या आसपास खातो, रोज आठ तास चालवला तरी महिन्याला पाच युनिट. कव्हर म्हणून प्लॅस्टिक घालतेत तेवढं मात्र चालू असताना काढायला लावा पोरांना.